कॅरिबियन क्रूझ : चौदा फेऱ्यांनंतर शिकलेलं (प्रश्न इथेच विचारा)

खारा_वारा (धागाकर्ती)

'नाताळच्या सुट्टीत कुठे जावं' या धाग्यावर मी सहज क्रूझचं नाव काढलं आणि आठवडाभर व्यक्तिगत निरोपांचा पाऊस पडतोय. प्रत्येकाला तेच तेच लिहून बोटं दुखली, म्हणून सगळं एकदाच इथे ओतते.

मी फ्लोरिडात राहते, पोर्ट कॅनाव्हरलचा धक्का घरापासून तासाभरावर. त्यामुळे चौदा क्रूझ म्हणजे फार पैसा किंवा फार हौस असं समजू नका, ठाण्याच्या माणसाने अलिबागला जावं तसं आहे ते. पहिली २००९ मध्ये केली, शेवटची गेल्या फेब्रुवारीत, सासूबाईंना घेऊन.

पहिली गोष्ट म्हणजे आधी वाट ठरवा, बोट नंतर. नवखी माणसं जाहिरातीतल्या घसरगुंड्या बघून बोट पक्की करतात आणि ती जाते कुठे ते पैसे भरल्यावर बघतात. पश्चिमेची वाट म्हणजे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका. पूर्वेची म्हणजे सेंट थॉमस, सेंट मार्टिन, सान हुआन. दक्षिणेची म्हणजे बार्बाडोस, सेंट लुशिया, कुरासाओ, अरुबा. आणि फ्लोरिडाहून तीन-चार रात्रींची जी स्वस्त क्रूझ मिळते ती बहुतेकदा नासाऊ आणि कंपनीचं खासगी बेट एवढंच करून माघारी येते. बहामा बेटं खरं तर कॅरिबियन समुद्रात नाहीतच, अटलांटिकमध्ये आहेत. पोरं लहान असतील, पाणी-वाळू-आइस्क्रीम एवढ्यावर भागत असेल, तर ती मजेची. नाहीतर किमान सात रात्रींची घ्या.

मला विचाराल तर दक्षिण. सान हुआनहून सुटणाऱ्या बोटी घेतल्या की समुद्रातले रिकामे दिवस कमी आणि रोज सकाळी खिडकीत नवं बेट. कुरासाओला विलेमस्टाडमध्ये क्वीन एमा नावाचा १८८८ मधला लाकडी पूल आहे. तो होड्यांच्या रांगेवर तरंगतो. मोठी बोट यायची झाली की घंटा वाजते, दोन्हीकडची दारं लागतात आणि अख्खा पूल फाटकासारखा बाजूला सरकायला लागतो. आपण त्याच्यावर उभे असलो तरी हाकलत नाहीत. मी मध्यावर उभी होते, पायाखाली फळ्या थरथरत होत्या आणि समोरची पिवळी-गुलाबी डच घरं हळूहळू डावीकडे निघाली होती. घरं कुठली निघणार, निघाले होते मी. पण डोक्याला ते पटायला मिनिटभर लागलं.

मोसम. १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा काळ, त्यातही ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबर हा जोराचा. दर तेव्हाच उतरतात. बोट वादळात घालत नाहीत, वाट बदलतात. म्हणजे तिकीट काढायचं सेंट मार्टिनचं आणि उतरायचं कोझुमेलला. तसं करायची मुभा तिकिटाच्या करारातच असते, भांडून उपयोग नाही. त्या दिवसांत जायचंच असेल तर अरुबा-कुरासाओची बाजू बघा, ती बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली पडतात. माझा लाडका काळ डिसेंबरचे पहिले दोन आठवडे आणि जानेवारीचा उत्तरार्ध. शाळा चालू, गर्दी कमी, भाव बरे. मार्चमध्ये कॉलेजची पोरं सुटतात, तेव्हा मी घरी बसते.

आता पैसे. तिकिटाची रक्कम म्हणजे लग्नाच्या हॉलचं भाडं समजा. केटरर आणि मांडववाला अजून यायचेत. बक्षिसी माणशी रोज १६ ते २० डॉलर बोटीवरच्या आपल्या खात्याला लागते, पोरांचीसुद्धा. चौघांचं कुटुंब, सात रात्री, १८ डॉलरने धरलं तरी ५०४ डॉलर झाले. दारूच्या पॅकेजमध्ये बऱ्याच बोटींवर अशी अट असते की केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं. माझा नवरा दोन बिअरचा धनी आणि मी लिंबूसरबतवाली, म्हणून आम्ही कधीच घेत नाही. पाणी, साधा चहा-कॉफी, सरबत बुफेवर फुकट असतं. पहिल्या दिवशी चढताना माणशी एक वाइनची बाटली न्यायला अनेक कंपन्या हरकत घेत नाहीत, पण हातातल्या सामानात ठेवा.

हातातल्या सामानावरून आठवलं. धक्क्यावर हमाल मोठ्या बॅगा घेतात (बॅगेमागे एक-दोन डॉलर द्यावे) आणि त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत कधीकधी संध्याकाळ होते. औषधं, पासपोर्ट, पोहायचे कपडे जवळच ठेवा. शेवटच्या रात्री उलट होतं, बॅगा दाराबाहेर ठेवायच्या आणि त्या रातोरात जातात. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी सगळं शिस्तीत भरलं, दाराबाहेर ठेवलं, आणि सकाळी लक्षात आलं की अंगावरच्या चट्ट्यापट्ट्याच्या पायजम्याखेरीज काहीच उरलेलं नाही. इमिग्रेशनच्या रांगेत ते तसेच उभे होते, वर टाय मात्र होता. तो म्हणे खुर्चीवर राहिला होता.

आणि आता माझी स्वतःची फजिती, कारण या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

जुलै महिना, कोझुमेल. बेटावर उतरून आम्ही आपली आपण टॅक्सी केली आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. बोटीवर परतायची वेळ साडेचार. माझ्या फोनमध्ये तीन वाजून दहा मिनिटं. निवांत. ग्वाकामोलेची दुसरी वाटी सांगितली. शेजारच्या टेबलावरची एक बाई घाईघाईने टॉवेल गुंडाळत होती, तिने आमच्या गळ्यातली बोटीची कार्डं बघितली आणि विचारलं, "तुम्ही त्याच बोटीचे ना? मग बसलात काय?" कोझुमेल ज्या राज्यात आहे त्या किंताना रूमध्ये २०१५ पासून उन्हाळ्यात फ्लोरिडासारखं घड्याळ पुढे करत नाहीत. फोनने गपचूप तिथली वेळ घेतली होती. बोटीचं घड्याळ फ्लोरिडाचं, एक तास पुढे. म्हणजे चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

टॅक्सीत कोणी बोललं नाही. धक्का लांबलचक असतो हे सकाळी लक्षात आलं नव्हतं. मी एका हातात चपला, नवरा मुलाला खांद्यावर घेऊन, आणि वरच्या बाल्कन्यांतून शेकडो लोक टाळ्या वाजवतायत, शिट्ट्या मारतायत. रोज संध्याकाळी हा त्यांचा करमणुकीचा कार्यक्रमच असतो. पोचलो तेव्हा शिडी काढायला माणसं उभी होती. मुलाची डावी चप्पल अजून कोझुमेलला आहे.

तेव्हापासून मनगटावर साधं काट्याचं घड्याळ असतं आणि ते बोटीवरच लावलेलं असतं. बोटीने विकलेल्या सहलीला गेलात आणि ती उशिरा परतली तर बोट थांबते, आपले आपण गेलात तर थांबत नाही. म्हणून लांबच्या ठिकाणी बोटीची सहल, जवळच्या ठिकाणी आपली टॅक्सी, हा माझा हिशेब.

बाकी आठवेल तसं लिहीन. विचारा.

रश्मी७८

वाचनखूण साठवली. केबिन कुठली घ्यावी? बाल्कनी लागतेच का? मला घाटातसुद्धा गाडी लागते, बोट तर लागणारच.

खारा_वारा

रश्मी, मग बाल्कनीपेक्षा जागा बघ. बोटीच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हेलकावा सगळ्यात कमी. टोकाच्या आणि वरच्या केबिनींना झोका जास्त. नकाशात वर-खाली काय आहे तेही बघायचं. स्विमिंग पूलच्या मजल्याच्या बरोबर खाली घेतलीस तर पहाटे पाच वाजता डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज येईल. दोन्ही बाजूंनी केबिनच असलेला मजला उत्तम. आतली बिनखिडकीची केबिन स्वस्त असते आणि झोप गाढ लागते, पण सकाळ झालेली कळत नाही. आम्ही टीव्हीवर बोटीच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल आवाज बंद करून ठेवतो, तीच खिडकी.

मळमळीवर बुफेवरची हिरवी सफरचंदं आणि आलेपाक. गोळी घ्यायचीच तर डॉक्टरला विचारून आणि त्रास सुरू व्हायच्या आधी. झोप येते त्याने, हे लक्षात ठेव.

केबिनच्या भिंती लोखंडी असतात. लोहचुंबकाचे हुक घेऊन जा, ओले कपडे आणि टोप्या टांगायला. या एका गोष्टीसाठी तू मला दुवा देशील.

बे_एरियाकर

ताई, आम्ही दोघं एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर. पासपोर्टमधला व्हिसा मार्चमध्ये संपला, पण मुदतवाढीचा आय-७९७ कागद आहे. बोट अमेरिकेतूनच निघते आणि अमेरिकेतच येते, मग चालेल ना? मित्र म्हणतो चालतं.

खारा_वारा

मित्राला जाऊ दे, तू जाऊ नकोस.

बोट फ्लोरिडाला परत आली तरी मधे तू देशाबाहेर गेलेलाच असतोस. परत येताना पासपोर्टमध्ये वैध व्हिसाचा शिक्का लागतो, आय-७९७ हा शिक्का नव्हे. संपलेल्या व्हिसावर ३० दिवसांच्या आत परत येण्याची जी सवलत आहे ती एच-१बीवाल्यांना कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. कॅरिबियन बेटांची मुभा विद्यार्थी आणि जे-व्हिसावाल्यांना (देवाणघेवाण कार्यक्रमांवर आलेल्यांना) आहे. तुझी बोट जमैका किंवा केमनला लागणार असेल तर संपलं. बरं, बहुतेक वेळा धक्क्यावरच कागद तपासून चढू देत नाहीत, पैसेही परत नाहीत.

बेटांचे व्हिसे वेगळे. जमैका आणि बार्बाडोस भारतीय पासपोर्टला व्हिसा मागत नाहीत. मेक्सिकोला अमेरिकेचा वैध व्हिसा चालतो. तुझ्या वाटेवरचं प्रत्येक बेट स्वतंत्र तपास.

मुलं अमेरिकन नागरिक असतील तर जन्मदाखल्यावर नेता येतात हे खरं, तरी पासपोर्ट काढाच. मधेच एखाद्या बेटावरून विमानाने परत यायची वेळ आली तर जन्मदाखला घेऊन काय करणार?

सदाशिव_पेठी

धागा वाचला. एक प्रामाणिक शंका. पाच हजार माणसांबरोबर रांगेत उभं राहून बुफे खायचा, आठ तासांसाठी बेटावर उतरून फ्रिज मॅग्नेट घ्यायचे, याला प्रवास का म्हणायचं? तरंगता मॉल आहे हा. त्यापेक्षा एकाच बेटावर आठ दिवस राहावं.

खारा_वारा

राहावंच. आठ तासांत बेट कळत नाही हे अगदी मान्य. मोठ्या बोटींचं तर विचारूच नका. २०२४ मध्ये आलेली आयकॉन ऑफ द सीज ७,६०० पर्यंत प्रवासी नेऊ शकते, वर चालवणारी माणसं वेगळी. अशा दोन-तीन बोटी एकाच सकाळी छोट्या गावाला लागल्या की गावाचं काय होतं ते मी बघितलंय. ग्रँड केमनला मोठ्या बोटींसाठी धक्का नाही, छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. तो बांधावा का यावर २०२५ च्या एप्रिलमध्ये मतदान झालं आणि लोकांनी नको म्हणून सांगितलं. मला त्यांचं पटलं, मी क्रूझवाली असूनही.

पण माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या, गुडघे गेलेले. आठ दिवसांत पाच देश बघायचे आणि बॅग एकदाच उघडायची, हे त्यांना दुसरं कोण देणार? रोज हॉटेल बदलणाऱ्या सहलीतून त्या कधीच माघारी फिरल्या असत्या.

आणि मॉलमध्ये हे नसतं बघा. ग्रँड केमनच्या नॉर्थ साऊंडमध्ये कमरेएवढ्या पाण्यात वाळूची पट्टी आहे, स्टिंगरे सिटी म्हणतात. पूर्वी कोळी तिथे शांत पाण्यात येऊन मासे साफ करायचे आणि घाण पाण्यात टाकायचे, त्याच्या वासाने हे वाघोळी मासे जमायला लागले. आज होडीच्या इंजिनाचा आवाज ऐकून येतात. उतरल्यावर पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत चालायचं, म्हणजे एखाद्याच्या पाठीवर पाय पडत नाही. एक भली मोठी मादी, सुपाएवढी म्हणणंसुद्धा कमी, माझ्या पोटाला घासून गेली. वरून तिची कातडी खरखरीत, आणि खालून हात लावला तर उकडीच्या मोदकाची पारी तेलपाण्याच्या हाताने मळल्यावर लागते ना, थेट तशी. मी ओरडले, नवऱ्याने त्याचा व्हिडिओ केला, तो घरच्या ग्रुपवर अजून फिरतोय.

सदाशिव_पेठी

मोदकाची उपमा मान्य. बाकी मत कायम.

मंजिरी_डॅलस

जानेवारीत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून सात रात्री, कोझुमेल आणि रोआतान (होंडुरासचं बेट). मी, नवरा, दोन मुली आणि आई-बाबा. आई-बाबा कट्टर शाकाहारी, अंडंही नाही. खायचं काय करू? छोटा कुकर, चहाची किटली, भाजणी, मेतकूट घेऊन जाऊ का? बाबांचा चहा नसेल तर क्रूझ पाण्यात.

खारा_वारा

किटली, कुकर, इस्त्री यांतलं काहीही नेऊ नका. उष्णता करणारी प्रत्येक वस्तू आगीच्या भीतीने काढून घेतात. शेवटच्या दिवशी परत मिळते, पण तोवर बाबांचा चहा बुडालाच. जास्तीचा प्लगबोर्डही बऱ्याच बोटींवर चालत नाही.

घरी केलेलं अन्न नेऊ देत नाहीत. कारखान्यातून सीलबंद आलेलं चालतं, बाकरवडी, चिवडा, खाकरे, चहाची तयार पाकिटं. पुडीत बांधलेली पिवळी पूड सुरक्षा रक्षकाला मेतकूट म्हणून समजावून सांगायचा प्रसंग मी एकदा घेतला आहे, तुम्ही घेऊ नका. आणि बोटीवरचं फळ किंवा सँडविच बेटावर उतरवायचं नाही. धक्क्यावर कुत्रा असतो, त्याला केळं लगेच कळतं.

जेवणाचं मात्र चांगलं होतं. पहिल्या रात्री मोठ्या जेवणघरात गेलात की हेडवेटरला गाठा आणि सांगा, भारतीय शाकाहारी, अंडं नाही, रोज. बऱ्याच बोटींवर रोज एक भारतीय भाजी-डाळ-भात यादीत असतो किंवा आदल्या दिवशी सांगितलं तर करून देतात. पोळीच्या जागी नान समजून घ्या. ठरावीक वेळेचं जेवण निवडा, म्हणजे रोज तेच टेबल आणि तोच वाढणारा, त्याला दुसऱ्या दिवसापासून सांगावं लागत नाही.

आमच्या टेबलावरचा मुलगा मडगावचा निघाला. पहिल्या दिवशी सासूबाईंनी पनीर चिवडलं आणि ताट सरकवलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या रात्री त्याने डाळीबरोबर एक छोटी बशी आणून त्यांच्यासमोर ठेवली. उभ्या चिरलेल्या दोन हिरव्या मिरच्या, मीठ, लिंबाची फोड. तोंडाने फक्त "आजी" एवढंच म्हणाला. शेवटच्या रात्री सासूबाई पैठणी नेसल्या होत्या ती फॉर्मल नाइट होती म्हणून नव्हे, त्याच्याबरोबर फोटो काढायचा होता म्हणून.

बाबांच्या चहासाठी कॉफीच्या काउंटरवर गरम दूध मागा, चहाची पिशवी त्यातच बुडवा. बुफेवरच्या कोमट पाण्याच्या नादी लागू नका.

तारवटी

खाराताई, तो मडगावचा पोरगा वाचून बरं वाटलं. मी म्हापशाचा, अकरा वर्षं बोटीवर होतो, आधी केबिन साफ करायला, मग जेवणघरात. आमच्याकडे बोटीवरच्या माणसाला तारवटीच म्हणतात, म्हणून हे नाव.

दोन गोष्टी आतल्या बाजूने सांगतो. आमचा करार सहा ते नऊ महिन्यांचा. त्यात रविवार नसतो. रोज दहा-अकरा तास, सातही दिवस. बेटावर तुम्ही उतरता तेव्हा आम्हांला कधी दोन तास मिळतात, ते वायफाय शोधण्यात जातात. खाली बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब बोळ असतो, त्याला आम्ही अमेरिकेतल्या हमरस्त्यावरून आय-९५ म्हणतो. त्याच बोळातून तुमच्या बॅगा जातात, कांद्याची पोती जातात आणि आम्ही पळतो. म्हणून खात्याला लागणारी बक्षिसी शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन काढून टाकू नका. काही लोक काढतात आणि पाच डॉलर हातात देऊन पाठीवर थाप मारतात. ते पैसे एकट्या वेटरचे नसतात, न दिसणाऱ्या माणसांतही वाटले जातात.

दुसरं हात धुण्याचं. बुफेच्या दारात ते जंतुनाशक फवारतात तेवढ्यावर राहू नका. पोटाचा जो नोरोव्हायरस बोटीवर पसरतो त्याच्यावर ते फारसं चालत नाही, साबण-पाणीच लागतं. पसरला की आम्हांला प्रत्येक कठडा दिवसातून किती वेळा पुसावा लागतो ते विचारू नका.

आणि सुरक्षेची कवायत गमतीत घेऊ नका. २०१२ च्या जानेवारीत कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट इटलीच्या किनाऱ्यावर आपटली तेव्हा त्या दिवशी चढलेल्या कितीतरी लोकांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर बोट सुटायच्या आधीच ती घेतात. आता फोनवर व्हिडिओ बघून आपल्या जागी हजेरी लावायची, दहा मिनिटं लागतात. बारवर नंतर जा.

खारा_वारा

तारवटी, मनापासून आभार. बक्षिसीचं तुमचं म्हणणं मुद्दाम अधोरेखित करते. मी वर हॉलभाडं-मांडव म्हटलं ते तिकीट घेताना हिशेब धरावा म्हणून, कापावी म्हणून नव्हे.

लाँग_ऑफ

क्रूझमधलं काही कळत नाही. पण बार्बाडोसला बोट लागते म्हणालात. केन्सिंग्टन ओव्हल बघता येईल का? २९ जून २०२४ ला सूर्याने मिलरचा झेल धरला ती दोरी बघायची आहे.

खारा_वारा

येईल की. बोटीच्या धक्क्यापासून मैदान चालत जाण्यासारखं आहे, बाहेर सोबर्सचा पुतळा आहे. सामना नसला तर आत जाता येतंय का ते गेटवर विचारायचं. आम्हांला दहा मिनिटं सोडलं. मैदान आपल्या वानखेडेच्या मानाने अगदी घरगुती वाटतं.

आमचा टॅक्सीवाला सत्तरीचा. भारतीय म्हटल्यावर त्याने २०२४ चं नाव काढलं नाही, १९७१ चं काढलं. वाडेकरांचा संघ, तिथल्या कसोटीत सरदेसाईंच्या १५० आणि दुसऱ्या डावात गावस्करांच्या नाबाद ११७. "लहानसा पोरगा होता, आउटच होईना," म्हणत होता. माझ्या नवऱ्याने त्या मालिकेतल्या ७७४ धावा सांगितल्यावर म्हाताऱ्याने गाडी बाजूला घेऊन हात मिळवला. भाडं मात्र पूर्ण घेतलं.

बार्बाडोसवरून एक. लष्करी छापाचे, म्हणजे हिरवे-खाकी ठिपक्यांचे कपडे तिथे साध्या माणसाने घालणं गुन्हा आहे, लहान पोरांनीही नाही. जमैका, सेंट लुशिया, त्रिनिदादलाही तेच. माझ्या मुलाची तसली चड्डी शिडीवरूनच परत पाठवली होती. आणि सेंट थॉमसला जाणार असाल तर सनस्क्रीनच्या बाटलीवर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट नाही ना बघा. प्रवाळाला मारक म्हणून अमेरिकन व्हर्जिन बेटांवर २०२० पासून त्यांना बंदी आहे.

आजोबा_अटलांटा

मी ७१, सौ. ६८. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो आहोत. मुलगा क्रूझचं तिकीट काढतो म्हणतो. आमच्याकडे भारतात घेतलेला विमा आहे. काही काळजीचं?

खारा_वारा

काका, तीन गोष्टी मुलाला विचारायला सांगा. एक, तुमचा विमा समुद्रात आणि बेटांवर लागू आहे का. बरेच फक्त अमेरिकेपुरते असतात. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल आपल्या खात्याला लागतं. आणि हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर न्यायची वेळ आली तर खर्च डोळे पांढरे करणारा. त्याची तरतूद असलेलाच विमा घ्या. दोन, व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना. तीन, बेटांवर जाऊन परत आलात म्हणजे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातील असं धरून चालू नका. अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवरची (आय-९४) जुनी तारीखच बहुधा कायम राहते.

गुडघ्यांना त्रास असेल तर छोट्या होडीने उतरवणारी बंदरं टाळा, लाटेवर पाय टाकून चढावं लागतं. जमैकातला डन्स रिव्हर धबधबाही तुमच्यासाठी नाही. हातात हात धरून साखळी करून पाण्यातून खडक चढायचे असतात. सेंट थॉमस, कुरासाओ, सान हुआन तुम्हांला छान जमतील.

आजोबा_अटलांटा

आभारी आहे. सौ. म्हणते धबधबा ती चढणार.

बे_एरियाकर

अपडेट. क्रूझ रद्द, आधी भारतात जाऊन व्हिसा. मित्र आता माझ्याशी बोलत नाही, कारण त्यानेही तिकीट काढलं होतं.

एक कुतूहल, मायामीला चुकली बोट तर पुढच्या बंदरावर जाऊन पकडता येते का?

खारा_वारा

पुढचं बंदर परदेशातलं असेल आणि तुमचे कागद तयार असतील तर कंपनीला विचारून कधीकधी येते, आपल्या खर्चाने. मायामीची चुकवून फ्लोरिडाच्याच की वेस्ट बंदरावर चढू म्हटलं तर नाही जमत. १८८६ चा एक जुना कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीने अमेरिकेच्या एका बंदरावरून माणूस घेऊन दुसऱ्यावर नुसता सोडायचा नाही. क्रूझ बोटी जवळजवळ सगळ्या बहामा, पनामा असल्या झेंड्यांच्या. फ्लोरिडाहून निघालेली प्रत्येक बोट कुठल्या ना कुठल्या परक्या बंदराला नाक घासून येते ती त्याचमुळे.

म्हणून निघायच्या दिवशी सकाळचं विमान पकडून बोट गाठायचा बेत करू नका. आदल्या रात्री तिथे जाऊन झोपा.

मंजिरी_डॅलस

दोन महिन्यांनी धागा वर आणतेय. कालच गॅल्व्हेस्टनला येऊन हॉटेलात राहिलो, तुमचंच ऐकून. आता सकाळचे आठ वाजलेत. खिडकीतून समोरचा रस्तासुद्धा दिसत नाही, इतकं धुकं. खाली कोणीतरी म्हणतंय बंदर बंद आहे. बाबांनी बूट घालून ठेवलेत. काय करू?

खारा_वारा

गॅल्व्हेस्टनला हिवाळ्यात हे व्हायचंच. तुमची बोट बहुतेक बाहेर समुद्रात उभी असेल, धुकं उठलं की आत घेतील. कंपनीचा निरोप फोनवर येईल तोवर धक्क्यावर जाऊन रांगेत उभ्या राहू नका, बाबांना नाश्ता द्या. उशीर झाला तर आज फक्त सुटायची वेळ पुढे जाते, फार झालं तर एखादं बंदर कमी होतं.

आणि तुमच्या घड्याळाचं माझ्या उलट आहे. तुमची बोट टेक्सासच्या वेळेवर निघेल, कोझुमेल आत्ता तुमच्यापेक्षा एक तास पुढे आहे. कप्तानाने मधे वेळ बदलली तर सांगतील. फोनकडे बघू नका, बोटीवरच्या भिंतीवरचं बघा.

मंजिरी_डॅलस

साडेअकरा. धुक्यातून आधी भोंगा आला. बाबा बाल्कनीत उभे होते, म्हणाले, "भाऊच्या धक्क्यासारखा आहे गं आवाज." मग धुरांडं दिसलं, नुसतंच, खाली काही नाही.

निघतोय. हुक घेतलेत.